गळ्यातली नळी निघाली, पण श्वास अडतो आहे

पिंपळगाव बसवंतहून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे यजमान ४१ वर्षांचे असून द्राक्षबागायतदार आहेत. गेल्या डिसेंबरात न्यूमोनिया बळावल्यामुळे त्यांना नाशिकमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. १२ दिवस तोंडातून घातलेल्या नळीने व्हेंटिलेटरचा श्वास दिला, त्यानंतर गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी बसवली, म्हणजेच ट्रॅकिओस्टॉमी केली, आणि आणखी १७ दिवसांनी ती काढून छिद्र बुजू दिले. माणूस घरी आला, बागेत फिरू लागला. पण दीड महिन्यातच चालताना धाप लागू लागली आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. अडीच महिने दम्याचे पंप आणि गोळ्या झाल्यावर मे महिन्यात दुर्बिणीने तपासले, तेव्हा श्वासनलिका अरुंद झाल्याचे कळले. मे आणि जुलै अशी दोनदा ती फुग्याने रुंद केली. भगिनी लिहितात: 'दुसऱ्या खेपेनंतर पाच आठवडे बरे गेले, आता पुन्हा तेच सुरू झाले आहे. एक डॉक्टर म्हणतात जाळी बसवा, दुसरे म्हणतात खराब झालेला तुकडा कापून नळी जोडून घ्या, तिसरे म्हणतात पुन्हा गळ्याला नळी घाला. आम्ही कुणाचे ऐकावे? यात चूक कुणाची झाली? आणि ऑक्टोबरच्या छाटणीला ते बागेत उतरू शकतील का?' सोबत सीटी स्कॅनच्या अहवालाची प्रत जोडली आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिलेले एक वाक्य घेतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत तातडीचे आहे. रात्री ते दोन उशा घेऊन झोपतात आणि तुम्ही त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत जाग्या असता, असे तुम्ही लिहिले आहे. हा आवाज फक्त चालताना किंवा जिना चढताना येतो, की शांत बसलेले असतानाही येतो, हे आज संध्याकाळीच नीट पाहून घ्या. टीव्ही बंद करा, त्यांना खुर्चीत ताठ बसवून दहा मिनिटे काही न बोलता राहू द्या आणि त्यांच्या गळ्याजवळ कान नेऊन ऐका. बसल्या जागी श्वासाचा आवाज येत असेल, बोलताना वाक्य मध्येच तोडावे लागत असेल, किंवा श्वास आत घेताना गळ्याच्या खालचा खड्डा आणि फासळ्यांमधला भाग आत ओढला जात असेल, तर पुढचा मजकूर नंतर वाचा. १०८ वर फोन करा, त्यांना आडवे न झोपवता बसलेल्या स्थितीतच न्या आणि दाखल करताना पहिल्याच वाक्यात सांगा की 'यांची ट्रॅकिओस्टॉमी झालेली आहे आणि श्वासनलिका अरुंद आहे'. हे वाक्य सांगितले नाही, तर तातडीच्या विभागात पुन्हा दम्याचेच उपचार सुरू होतात आणि मोलाचा वेळ जातो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर या आजारात भिस्त ठेवू नका. तुम्ही लिहिता की घरी आकडा ९७ ते ९८ येतो, म्हणून तुम्हाला थोडा धीर वाटतो. यांच्या फुप्फुसांत आता दोष उरलेला नाही. अडचण आहे ती फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेत. अशा रुग्णाचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहतो आणि मग काही मिनिटांत कोसळतो, कारण तोपर्यंत माणूस छातीच्या स्नायूंच्या जोरावर हवा ओढत असतो आणि ते स्नायू कधीतरी थकतात. त्यातच चिकट कफाचा एखादा गोळा त्या अरुंद जागी अडकला, तर थकण्याचीही वाट पाहावी लागत नाही. म्हणून आकड्यापेक्षा तुमच्या कानावर अधिक विश्वास ठेवा.

आता हे नेमके काय झाले आहे ते सांगतो, म्हणजे तीन डॉक्टरांची तीन मते तुम्हाला स्वतः तोलून पाहता येतील. प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते आणि जाडीला तुमच्या बागेतल्या ठिबकच्या १६ एमएम लॅटरल नळीएवढी किंवा तिच्याहून किंचित मोठी असते. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या १६ ते २० कूर्चांनी, म्हणजे लवचीक, मऊ हाडांनी, ती उघडी धरून ठेवलेली असते. तुमच्या यजमानांच्या अहवालात अरुंद भागाची पोकळी ६ मिलिमीटर लिहिली आहे; म्हणजे लॅटरलच्या जागी तिला जोडलेल्या बारीक मायक्रोट्यूबमधून ते श्वास घेत होते. पाण्याचे गणित तुम्हाला घरबसल्या माहीत आहे, हवेचेही तसेच आहे: नळीचा व्यास निम्मा झाला तर त्या भागातला अडथळा दुप्पट होत नाही, तर हिशेबाने १६ पट होतो. त्यामुळेच सुरुवातीला पुष्कळ आकुंचन होऊनही काही जाणवत नाही, आणि एका टप्प्यानंतर एक-दीड मिलिमीटरच्या फरकाने माणूस अंगणातून ओसरीवर येईपर्यंत थकतो.

हे आकुंचन होते ते व्रणामुळे, म्हणजे जखम भरताना तयार होणाऱ्या घट्ट वणामुळे. व्हेंटिलेटरच्या नळीच्या खालच्या टोकापाशी एक छोटा फुगा असतो. दिलेली हवा वरून निसटू नये आणि लाळ खाली उतरू नये म्हणून तो फुगवून ठेवावा लागतो. या फुग्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर स्तंभाइतका असावा, असा नियम आहे. दाब त्याहून वर गेला की फुगा श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराला आतून दाबतो, तिथला रक्तपुरवठा तुटतो, अस्तर सोलवटते, खालच्या कूर्चा उघड्या पडून झिजतात, आणि नळी काढल्यावर ती जखम भरताना कातडी भाजल्यावर जशी आवळते तशी श्वासनलिका गोलाकार आवळत जाते. हीच क्रिया गळ्याला पाडलेल्या छिद्राच्या जागीही होऊ शकते. तिथल्या कूर्चा कमकुवत झाल्या की दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींकडे कलतात. व्रण पिकायला वेळ लागत असल्याने त्रास नळी काढल्याबरोबर सुरू होत नाही, काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो. तुमच्या यजमानांना दीड महिन्याने झाला, तो याच हिशेबात बसतो.

हा आजार तसा जुना नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या गळ्याला नळी बसवून पिशवीने हवा दाबून श्वास देण्याची पद्धत वापरली आणि तिथून आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात झाली. जी माणसे पूर्वी वाचलीच नसती ती वाचू लागली, आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या श्वासनलिका आकसू लागल्या. हे फुग्याच्या दाबामुळे घडते, हे बोस्टनच्या जोएल कूपर आणि हर्मीस ग्रिलो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर मोठ्या आकाराचे, कमी दाबावर बसणारे मऊ फुगे आले आणि प्रमाण कमी झाले. पण आजार संपला नाही.

'चूक कुणाची' या तुमच्या प्रश्नाला मी याच संदर्भात उत्तर देतो. २९ दिवस यंत्राने श्वास देऊन ज्या पथकाने तुमच्या यजमानांना जिवंत घरी पाठवले, त्यांनी त्या काळात निष्काळजीपणा केला असे तुमच्या पत्रावरून मला म्हणता येत नाही. उत्तम काळजी घेतलेल्या रुग्णालाही हे होऊ शकते. मात्र फुग्याचा दाब मापकाने दर पाळीला मोजायचा असतो आणि तो बऱ्याच ठिकाणी मोजला जात नाही, हेही खरे आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही नळीबाहेर लोंबणारा सूचक फुगा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबून पाहायचो आणि 'ठीक आहे' म्हणून पुढच्या खाटेकडे जायचो. बोटाला तो दाब कळत नाही, हे मापक हातात आल्यावर समजले. अनेकदा बोटाला ठीक वाटलेला फुगा मापकावर ६०-७० दाखवायचा. त्या काळातल्या काही रुग्णांची आठवण मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

ज्या गोष्टीची खंत मी उघडपणे व्यक्त करीन, ती दम्याच्या निदानात गेलेल्या अडीच महिन्यांची आहे. दम्याचा आवाज छातीतून आणि मुख्यतः श्वास सोडताना येतो, तर या आजाराचा आवाज गळ्याजवळून आणि श्वास घेतानाही येतो. पंपाने दम्याला उतार पडतो, याला पडत नाही. फुंकर मारण्याची साधी चाचणी केली आणि तिचा आलेख पाहिला, तर दोन्ही बाजूंनी सपाट झालेली रेघ दिसते व वाटेत कुठेतरी पक्का अडथळा आहे हे पाच मिनिटांत कळते. गेल्या काही महिन्यांत व्हेंटिलेटरवर राहून आलेल्या माणसाला नव्याने धाप लागली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत श्वासनलिका अरुंद झाली आहे असेच धरून चालावे. हे वाक्य मी वाचकांपैकी जे वैद्यकीय व्यवसायात आहेत त्यांच्यासाठीही लिहितो आहे, कारण आजारपणातून उठलेला माणूस आपले आयसीयूतले दिवस विसरू पाहतो आणि विचारल्याशिवाय सांगत नाही.

आता तीन मतांविषयी. माझे मत आधीच सांगतो: तुमच्या यजमानांच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया, म्हणजे खराब तुकडा काढून दोन निरोगी टोके जोडणे, हा बरे होण्याचा खरा मार्ग आहे, जाळी बसवण्याला मी आज ठाम नकार देईन, आणि पुन्हा नळी घालणे हा शस्त्रक्रियेपर्यंत सुखरूप पोहोचण्याचा पूल म्हणून मान्य करीन, मुक्काम म्हणून नाही.

मे आणि जुलैमध्ये वाट रुंद करायला वापरलेल्या फुग्यापासून सुरुवात करू. अरुंद भाग अगदी छोटा, एक सेंटिमीटरहून कमी लांबीचा, पापुद्र्यासारखा असेल आणि मागच्या कूर्चा शाबूत असतील, तर त्याला दुर्बिणीतून तीन-चार ठिकाणी चिरा देऊन, फुग्याने ताणून आणि तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन काम भागते. काही जणांना एकदोन खेपांत कायमचा आराम पडतो. तुमच्या अहवालात मात्र लांबी अडीच सेंटिमीटर दिली आहे आणि तिथल्या कूर्चा झिजल्याचा उल्लेख आहे. ज्या भिंतीला कणाच उरलेला नाही ती ताणून उभी राहत नाही. पहिल्या खेपेनंतर सात आठवडे आणि दुसऱ्या खेपेनंतर पाच आठवडे आराम पडला, ही घटती मुदतच उत्तर देते आहे. तिसऱ्यांदा फुगा लावू नका असे मी म्हणत नाही. श्वास कोंडत असेल तर तो लावावाच लागेल, पण तो वेळ मिळवण्यासाठी आहे हे त्या वेळी सर्वांना ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक खेप म्हणजे एक नवी जखम आणि प्रत्येक जखमेचा एक नवा व्रण, आणि व्रण लांबत गेला की कापावा लागणारा तुकडाही लांबत जातो.

जाळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ती सुचवली जाते तेव्हा फार सोयीची वाटते: गळा कापायचा नाही, अर्ध्या तासाचे काम, दुसऱ्या दिवशी घरी. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसते, मग श्वासनलिकेत का नको, असे कुणालाही वाटेल. परंतु श्वासनलिकेत धातूच्या जाळीच्या छिद्रांतून मांसाचे कोंब वाढतात, जाळी भिंतीत रुतते, तिच्या दोन्ही टोकांना नवे आकुंचन तयार होते, आणि एक-दोन वर्षांनी ती काढायची वेळ आली तर भिंतीचे लचके घेतच ती बाहेर येते. अडीच सेंटिमीटरचा आजार असा पाच सेंटिमीटरचा होतो आणि जो रुग्ण शस्त्रक्रियेने बरा झाला असता तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली याच कारणासाठी इशारा दिला होता की कर्करोग नसलेल्या आकुंचनात दुसरे सर्व मार्ग तपासल्याशिवाय धातूची जाळी वापरू नये. सिलिकॉनची नळीवजा स्टेन्ट ही वेगळी वस्तू आहे, मार्सेलचे डॉ. ड्युमाँ यांनी ती प्रचारात आणली, ती काढता येते, आणि ज्याची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही किंवा काही महिने थांबवावी लागणार आहे अशा रुग्णाला तिचा चांगला उपयोग होतो. म्हणून 'जाळी' हा शब्द ऐकलात की पहिला प्रश्न विचारा: धातूची की सिलिकॉनची, आणि ती कधी व कोण काढणार?

शस्त्रक्रियेत गळ्यावर आडवा छेद घेऊन अरुंद झालेला तुकडा पूर्ण काढतात आणि वरचे व खालचे निरोगी टोक एकमेकांना विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडतात. प्रौढांमध्ये श्वासनलिकेच्या जवळपास निम्म्या लांबीपर्यंत तुकडा काढता येतो, परंतु ४ सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास जोडावर ताण येऊन जोखीम वाढते. तुमच्या यजमानांचे अडीच सेंटिमीटर या मर्यादेत आरामात बसतात, आणि अरुंद भाग स्वरतंतूंपासून साडेतीन सेंटिमीटर खाली सुरू होत असल्याने स्वरयंत्राच्या कड्याला हात लावावा लागू नये, असे अहवालावरून वाटते. वर ज्यांचा उल्लेख केला त्या ग्रिलो यांनी १९९५ मध्ये नळीमुळे झालेल्या आकुंचनाच्या ५०३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ९४ टक्के रुग्णांना चांगला किंवा समाधानकारक गुण आला आणि २.४ टक्के रुग्ण दगावले. हा आकडा जगातल्या सर्वांत अनुभवी केंद्राचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा कुठेही लावता येणार नाही; पण पहिली शस्त्रक्रिया योग्य हातांत झाली तर यश बहुतेकांच्या वाट्याला येते, आणि ती फसल्यावर केलेली दुसरी शस्त्रक्रिया नेहमीच अवघड असते, हे त्यातून निःसंशय दिसते. जोड सुटणे, जोडाच्या जागी पुन्हा कोंब येणे, स्वरतंतूंच्या नसेला इजा होऊन आवाज बसणे, हे धोके सर्जन तुम्हाला सांगतीलच. ते सांगत नसतील तर तुम्ही विचारा.

त्या शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा घरच्यांना आधीच माहीत असावा, नाहीतर पाहून जीव घाबरतो. जोडावर ताण येऊ नये म्हणून मान खाली झुकवून हनुवटीखालची त्वचा आणि छातीच्या वरच्या भागाची त्वचा जाड दोऱ्याने बांधून ठेवतात. माणूस सात दिवस खाली छातीकडे बघत राहतो. पाठीमागे दोन-तीन उशा लागतात, पाणी स्ट्रॉने प्यावे लागते, समोर आलेल्याचे पाय आधी दिसतात, हाक मारली तर मान वर न करता सगळे अंग वळवावे लागते. मराठी माणसाची सवय अशी की भेटायला आलेल्याला मान उचलून 'या' म्हणायचे. माझ्या एका रुग्णाच्या पत्नीने म्हणून त्या आठवड्यात भेटणाऱ्यांना दारातच सांगितले होते की खुर्ची ओढून खाली बसा आणि मग बोला. बोलणेही कमीच ठेवायचे असते. साधारण आठवड्याने दुर्बिणीने जोड पाहतात, तो भरत असेल तर दोरा कापतात.

या शस्त्रक्रियेला उतरण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात. मे महिन्यातला सीटी स्कॅन आता जुना झाला. दोन खेपा फुगवल्यानंतर लांबी बदललेली असू शकते, म्हणून मानेचा आणि छातीचा पातळ कापांचा नवा स्कॅन लागेल. स्वरतंतू दोन्ही बाजूंनी नीट हलतात की नाही हे रुग्ण जागा असताना दुर्बिणीने पाहिले पाहिजे, कारण खालची वाट मोकळी केली आणि वरचे दारच उघडत नसेल तर उपयोग नाही. अरुंद भागाला सूज व संसर्ग असेल तर तो शमेपर्यंत थांबावे लागते. तुम्ही लिहिता की दम्याच्या गोळ्यांत स्टेरॉइड होते आणि ते अजून चालू आहे. ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, पण शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत थांबवावे लागेल, कारण त्याने टाके भरत नाहीत. न्यूमोनियाच्या वेळी साखर वाढली होती असाही उल्लेख आहे, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. छातीत जळजळ, आंबट ढेकर येत असतील तर तेही सांगा. पोटातले आम्ल रात्री वर येऊन जोडाचे नुकसान करते. तंबाखूविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, परंतु मिश्री असो की गायछाप, ती आजपासून बंद.

पुन्हा गळ्याला नळी घालण्याचे मत देणारे डॉक्टरही चुकीचे बोलत नाहीत. रात्री-अपरात्री श्वास कोंडण्याचा धोका असेल आणि शस्त्रक्रियेला महिना-दोन महिने अवकाश असेल, तर नळी जीव वाचवते. फक्त एक अट लावून धरा: नळी नव्या जागी घालायची नाही, खराब झालेल्या भागातूनच घालायची. खालच्या निरोगी भागात नवे छिद्र पाडले तर जोडण्यासाठी राखून ठेवलेल्या चांगल्या कूर्चा खर्ची पडतात. मोंटगोमेरी टी-ट्यूब म्हणून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची सिलिकॉनची नळी असते, तीही या काळासाठी चांगली. तिचा आडवा दांडा गळ्यातून बाहेर येतो आणि त्याला बूच लावले की माणूस नाकाने श्वास घेतो आणि स्वतःच्या आवाजात बोलतो. तिची निगा मात्र रोज घ्यावी लागते, कारण ती कफाने तुंबली तर घरी बदलता येत नाही.

जायचे कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तोच सर्वांत निर्णायक आहे. ही शस्त्रक्रिया रोज होणारी नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ, छातीचे सर्जन, दुर्बिणीचे काम करणारे फुप्फुसतज्ज्ञ आणि अशा रुग्णाला भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ, हे एकाच छताखाली मिळाले पाहिजेत. नाशिकमध्ये जिथे दाखवाल तिथे आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत दाखवाल तिथेही एकच प्रश्न नम्रपणे पण स्पष्ट विचारा: 'गेल्या दोन वर्षांत तुम्ही श्वासनलिका कापून जोडण्याच्या किती शस्त्रक्रिया केल्या?' चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. सोबत आयसीयूचे कागद, दोन्ही दुर्बिणींचे अहवाल आणि स्कॅनची सीडी न्या. कागदी अहवालापेक्षा सर्जनला चित्रे पाहायची असतात. मुंबईला जाताना रात्रीची एसटी किंवा एकट्याने प्रवास नको. घाटात श्वास अडला तर मदत मिळेपर्यंत वेळ जातो. बसल्या जागी आवाज येत असेल तर डॉक्टर सोबत असलेल्या रुग्णवाहिकेशिवाय घाट उतरू नका.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दाखल होण्यापूर्वीच त्याला भेटा आणि ही शस्त्रक्रिया योजनेत कोणत्या नावाने बसते ते विचारा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही रुग्णालयाच्या खर्चपत्रकासह करता येतो.

सासूबाई ओवा-आल्याचा काढा आणि वाफ देतात, त्याबद्दल तुम्ही थोड्या संकोचाने विचारले आहे. कोमट काढा प्यायला हरकत नाही, पण आवळलेला व्रण त्याने सैल होत नाही. डोक्यावरून पांघरूण घेऊन पातेल्यातली कडकडीत वाफ मात्र थांबवा. अरुंद वाट भाजून सुजली तर काही तासांत बंद होते. कफ पातळ राहावा म्हणून नेब्युलायझरमधून साधे सलाइन दिवसातून तीन-चार वेळा द्या आणि पाणी भरपूर पिऊ द्या. सासूबाईंना सलाइनची ती वाफ द्यायला शिकवा. त्यांच्या हाताला काम हवे आहे आणि हे काम खरोखर उपयोगाचे आहे.

राहिला छाटणीचा प्रश्न. या वर्षीच्या ऑक्टोबरच्या, म्हणजे गोडी छाटणीला त्यांनी बागेत उतरू नये, आणि त्यानंतरच्या फवारण्यांच्या, गंधकाच्या धुरळणीच्या दिवसांत तर बागेच्या बांधावरही उभे राहू नये. फवारणीचा ब्लोअर दिरांकडे किंवा गड्याकडे द्या. शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली तरी माझे उत्तर हेच राहील. मांडवाखाली उभे राहून काडी पाहायची तर मान मागे टाकून वर बघावे लागते आणि हात डोक्यावर धरावे लागतात. नव्या जोडाला पहिले काही आठवडे नेमके हेच चालत नाही. कोणती काडी कुठे कापायची हे सांगणारा माणूस खुर्चीवर बसूनही सांगू शकतो, फोनवरून फोटो पाहूनही सांगू शकतो. शस्त्रक्रिया वेळेत झाली, जोड चांगला भरला आणि नंतरच्या दुर्बिणीत वाट मोकळी दिसली, तर एप्रिलच्या खरड छाटणीला त्यांच्या हाती कात्री द्यायला माझी हरकत नसेल. पण ती परवानगी तुम्ही त्यांच्या सर्जनकडून घ्या, आणि त्यासाठी नव्या स्कॅनची वेळ या आठवड्यातच ठरवा.